रांगोळी प्रदर्शनाचे फोटो : रोल घालू की डिजिटलवर काढू?

दिवाळी महिन्यावर आलीये आणि यावेळी आलेल्या पत्रांत प्रदर्शनाच्या फोटोंबद्दलचीच जास्त आहेत. त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलंय, कारण तो प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे.

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्या रांगोळी ग्रुपचं दरवर्षी दिवाळीत शाळेच्या हॉलमधे चार दिवस प्रदर्शन असतं. बारा-पंधरा रांगोळ्या, बहुतेक पोर्ट्रेट, दोन-तीन गालिचे आणि यंदा एक थ्रीडी पण आहे. पाचव्या दिवशी हॉल रिकामा करून द्यायचा म्हणून सगळं झाडून टाकतो. बाबांचा निकॉन एफएम-टू हा रोलचा कॅमेरा घरात आहे, ५० मिमी लेन्ससकट, चालू स्थितीत. भाचा त्याचा निकॉनचाच डिजिटल देतो म्हणतोय, २४ मेगापिक्सेलचा, सोबत आलेली साधी लेन्स. ग्रुपमधले काहीजण म्हणतात रोलवर रंग जिवंत येतात, रोलवरच काढा. आम्हाला नंतर ए-थ्री प्रिंट काढून अल्बम करायचाय. कशावर काढू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, डिजिटलवर काढा. बाबांचा कॅमेरा कपाटातच राहू द्या असं मी म्हणत नाहीये, त्याचं काम शेवटी सांगतो, पण रांगोळीची नोंद म्हणून जो फोटो राहणार तो डिजिटलवरच. आणि कारण तुमच्याच पत्रात आहे, पाचव्या दिवशी झाडून टाकतो हे. कॅनव्हास असता तर फोटो बिघडला तरी चित्रकाराच्या घरी जाऊन परत काढता आला असता. रांगोळीचं तसं नाही.

साधारण तीस वर्षांपूर्वी असंच एका शाळेच्या हॉलमधलं प्रदर्शन मी रोलवर काढत होतो. एका बाईंनी त्यांच्या आजीचं पोर्ट्रेट केलेलं, चार फूट बाय तीन फूट, दोन रात्री जागून, आणि आजीच्या नथीतला एकेक मोती असा उचललेला की लोक दोरीपाशी वाकून वाकून बघत होते. जवळून बघितलं तर काय होतं, पांढऱ्यावर एका कडेला चिमूटभर राखाडी आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढा शुद्ध पांढरा, बस, झाला मोती. मी शेवटच्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ट्रायपॉड लावून निवांत काढत बसलो. रोल ३६ फोटोंचा, फोटो मोजणारा काउंटर ३६ वर आला, ३७ झाला, ३८ झाला, तरी रोल पुढे सरकवायचा लीव्हर आपला फिरतोच आहे, तेव्हा पोटात धस्स झालं. रोलची जीभ स्पूलमधून निसटली होती आणि एकही फ्रेम पुढे सरकली नव्हती. तोच रोल परत नीट घालून काढायला वेळ उरला नव्हता. सकाळी आठला परत पोचलो तर हॉल झाडून झाला होता, कोपऱ्यात एक प्लास्टिकची बादली, तिच्यात सगळ्या रांगोळ्या एकत्र होऊन मातकट करडा ढीग, आणि बाई बादलीशेजारीच उभ्या. मी झालं ते सांगितलं. "असू दे" म्हणाल्या, आणि चहा घ्यायला चला म्हणाल्या. मी आजपर्यंत ते विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, डिजिटलचा सगळ्यात मोठा फायदा मेगापिक्सेल वगैरे नाही, मागच्या स्क्रीनवर तिथल्या तिथे नथ मोठी करून बघता येते हा आहे. हललाय? परत काढा. रांगोळी अजून जमिनीवर आहे. (बाबांच्या कॅमेऱ्यात रोल घातलात तर एक खूण लक्षात ठेवा, लीव्हर ओढताना डाव्या हाताची रिवाइंडची खुंटी पण फिरली पाहिजे. ती गप्प असेल तर आत रोल सरकत नाहीये.)

आता रंगांचं. रोलवर रंग जिवंत येतात हे तुमच्या ग्रुपमधले लोक म्हणतात ते खोटं नाही, पण ते उन्हातलं आहे. बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक रंगीत रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला असतो, म्हणजे साधारण ५५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). तुमच्या हॉलमधे स्टँडवर हॅलोजन लावत असणार, तो उजेड ३२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे चांगलाच पिवळा. आपला डोळा आणि मेंदू मिळून ते सांभाळून घेतात म्हणून आपल्याला पांढरी रांगोळी पांढरीच दिसते, रोल बिचारा सांभाळून घेत नाही, त्याच्यावर पांढरं केशरी येतं आणि निळं मेलेलं येतं. ट्यूबलाइटखाली तर चेहऱ्यांवर हिरवट झाक येते, आणि तुमची तर पोर्ट्रेटच आहेत. यावर उपाय होते आणि आहेत, हॅलोजनसाठी ८०ए नावाचा निळा फिल्टर लावायचा, पण तो दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे दोनदा निम्मा करतो, ४०० चा रोल घातलात (आकडा मोठा तितका रोलला उजेड कमी लागतो) तरी हातात १०० चाच उरला. हॅलोजनच्या उजेडासाठी बनवलेला रोल आज म्हणायचा तर सिनेस्टिल ८००टी, पण त्याच्यावर झगझगीत दिव्यांभोवती लाल प्रभावळ येते, ती रस्त्यावरच्या रात्रीच्या फोटोत छान दिसते, रांगोळीच्या नोंदीत नको.

आणि समजा एवढं सगळं करून निगेटिव्ह चांगली आली तरी गोष्ट तिथे संपत नाही. लॅबमधलं मशीन फोटोतले सगळे रंग मिळून सरासरी करड्याच्या जवळ आणायला बघतं. गालिच्याची रांगोळी लाल रंगानेच भरलेली असली की मशीनला वाटतं लाल जास्त झालंय, ते लाल कमी करतं आणि फोटो निळसर-हिरवट पडतो. लॅबमधे स्वतः उभं राहून रांगोळीचा रंग असा होता हो असं सांगून करून घेणारी माणसं होती, मी पण घेतलंय, पण आता तेवढा वेळ देणारी लॅब शोधायला तुम्हाला सांगलीहून बाहेर पडावं लागेल.

डिजिटलवर हेच काम एका करड्या कार्डाने होतं. फोटोच्या दुकानात ग्रे कार्ड म्हणून मिळतं. दिवे लावून झाले की ते रांगोळीच्या कडेला, रांगोळीवर नव्हे, ठेवायचं, एक फोटो काढायचा, मग कार्ड उचलून बाकीचे काढायचे, आणि फाइल रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याने फेरफार न केलेली मूळ फाइल, ठेवायची. नंतर भाच्याला सांगायचं की कार्डाच्या फोटोत कार्डावर क्लिक करून तोच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची दुरुस्ती) सगळ्यांना लाव. पाच मिनिटांचं काम. एक्सपोजरला, म्हणजे फोटो किती उजळ यावा त्याला, पण तेच कार्ड धरा, कारण कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर पांढऱ्याशुभ्र जमिनीची रांगोळी बघून तिला करडी करतं आणि काळ्या जमिनीची बघून तिलाही करडीच करतं.

पण ताई, एक गोष्ट ना रोल सोडवू शकत ना डिजिटल, ती तुम्हालाच आधी सोडवायला लागेल, आणि ती म्हणजे मिसळलेला उजेड. डावीकडून खिडकीचा निळसर, वरून ट्यूबचा हिरवट, समोरून हॅलोजनचा पिवळा. अशा ठिकाणी चेहऱ्याचा एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्याच रंगाचा येतो, मग कार्ड ठेवा नाहीतर काही ठेवा, एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. तेव्हा खिडक्यांना काळे पडदे किंवा जाड चादरी लावा, ट्यूब बंद करा, हॅलोजन तर फक्त हॅलोजन, एलईडी तर फक्त एलईडी आणि तेही एकाच कंपनीचे एकाच प्रकारचे. कॅमेरा कुठला यापेक्षा मी या गोष्टीला जास्त मार्क देईन. प्रदर्शन उघडायच्या आधी सकाळी एक-दीड तास मागून घ्या, तेव्हा हे सगळं करता येतं, लोक आल्यावर ट्यूब बंद करा म्हणून कोणाकोणाला सांगणार.

एलईडी असतील तर अजून एक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट ठेवलं की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. १/१०० सेकंद, १/५० किंवा त्याहून हळू ठेवलं की पट्टे जातात. सायलेंट म्हणून जे इलेक्ट्रॉनिक शटर असतं ते बंदच ठेवा.

ट्रायपॉडशिवाय काढू नका. आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. हॅलोजनखाली साधारण ३०० लक्स (उजेडाचं माप) धरला, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ-एट ठेवलं तर अर्धा सेकंद लागतो. हातात धरून अर्धा सेकंद कोणाच्याच्याने होत नाही. ट्रायपॉडवर ठेवलं, टायमर दोन सेकंदांचा लावला आणि तेवढा वेळ हॉलमधे कोणी धपाधपा चाललं नाही की झालं. मग आयएसओ वाढवायची गरजच पडत नाही आणि रांगोळीचा कण न् कण दिसतो. हे महत्त्वाचं आहे कारण आयएसओ फार वाढवला की जो दाणेदारपणा येतो तो रांगोळीच्या दाण्यात मिसळतो, आणि बघणाऱ्याला कळत नाही की हा दाणा रांगोळीचा की कॅमेऱ्याचा. रोलवरही तेच, ८०० च्या रोलचा ग्रेन ए-थ्रीवर रांगोळीशी भांडतो. फ्लॅश नको. त्याने रांगोळी खराब होत नाही, पण समोरून मारलेला फ्लॅश सगळं सपाट करतो, हाताने चाळून टाकलेल्या थरांची जी मखमल असते ती जाते आणि मधे पांढरा डाग पडतो.

लेन्स सगळ्यात वाइडला नेऊ नका, कडेचे चेहरे ताणले जातात. भाच्याच्या लेन्सवर ३५ ते ५० मिमीच्या मधे राहा आणि लागेल तेवढं मागे किंवा उंच जा. भाच्याचा कॅमेरा निकॉनचा डीएसएलआर असेल तर बाबांची ५० मिमी त्याच्यावरच बसते, साध्या मॉडेलमधे मीटर चालत नाही आणि फोकस हाताने करायला लागतो, पण ट्रायपॉडवर स्क्रीन बघून करायचं असल्याने काही अडत नाही, आणि ती लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्सपेक्षा नक्की सरस निघेल. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, असेल तर मधे अडॅप्टर लागेल.

वरून सरळ काढायचं असेल तर कॅमेरा रांगोळीला समांतर आहे की नाही हे डोळ्याने कळत नाही, त्याची एक जुनी युक्ती आहे. रांगोळीच्या कडेशी, त्याच जमिनीवर, एक छोटा सपाट आरसा ठेवायचा, कॅमेरा त्याच्या बरोबर वर आणायचा आणि बघायचं की आरशात स्वतःच्याच लेन्सचं गोल बरोबर मधोमध दिसतंय का. दिसलं की समांतर. मग तो कोन न बदलता कॅमेरा सरकवायचा. हे सगळं करताना पट्टा कॅमेऱ्यावरून काढून ठेवा, लेन्सचं झाकण खिशात, पेन खिशातून बाहेर, मंगळसूत्र-ओढणी आत, पंखे बंद, आणि ट्रायपॉडच्या मागच्या पायाला पाण्याची भरलेली बाटली बांधा. पोर्ट्रेटच्या डोळ्यावर पडलेलं लेन्सचं झाकण मी बघितलंय.

थ्रीडी रांगोळीला मात्र वरून अजिबात काढू नका. ती एकाच जागेवरून बरोबर दिसेल अशी ताणून काढलेली असते, वरून काढली तर लांबच लांब विचित्र आकार येईल. जिने काढलीये तिला विचारा की कुठे उभं राहून बघत काढलीस, तिच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा लावा.

तुमच्या राणी, कुसुंबी, पोपटी रंगांवर विशेष लक्ष ठेवा. हे झळझळीत रंग डिजिटलमधे फुटतात, म्हणजे राणी रंगातल्या छटा जाऊन एकच सपाट गुलाबी थापा उरतो. कॅमेऱ्यात विव्हिड वगैरे काही असेल ते न्यूट्रलवर आणा, आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघता येतो त्यात लाल उजव्या भिंतीला चिकटलाय का ते बघा. चिकटला असेल तर एक्सपोजर थोडं कमी करा. इथे रोल खरंच बरा, निगेटिव्ह जास्त उजेड सोसते, डिजिटल नाही सोसत, हे मान्य करायलाच पाहिजे.

ए-थ्रीची काळजी नको. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-थ्रीला साधारण ३५०० गुणिले ४९६० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेसतरा मेगापिक्सेलच्या आत. तुमच्याकडे २४ आहेत. उलट रोल स्कॅन करून घ्याल तर लॅबचं साधं स्कॅन बऱ्याचदा ३००० बाय २००० चंच असतं, सहा मेगापिक्सेल.

आता बाबांचा एफएम-टू. त्यात एक रोल घाला आणि तो रांगोळ्यांवर नाही, रांगोळी काढणाऱ्यांवर संपवा. आदल्या रात्री पाठीत वाकून बसलेल्या बायका, अंगठा आणि तर्जनीतून सुटणारी धार, चाळणी, लेक कलरने, म्हणजे रांगोळीत मिसळायच्या रंगांनी, रंगलेली नखं, मधेच उठून कंबर सरळ करणारी कोणी, कडेला ठेवलेला मूळ फोटो आणि त्यावर आखलेले चौकोन. तिथे रंग अचूक यायला हवा असं काही नाही, पिवळा उजेड पिवळा आला तर त्या रात्रीसारखाच दिसेल. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, ४०० चा रोल, शटर १/६० च्या आसपास. त्या कॅमेऱ्याचं शटर बॅटरीशिवाय पण चालतं, बॅटरी फक्त मीटरला लागते, बटणासारख्या दोन सेल असतात, त्या मात्र नव्या घाला. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून खर्च हजाराच्या वर जातो आज, तेव्हा एकच रोल, पण तो नक्की काढा. अल्बमची पहिली आठ-दहा पानं त्याची करा.

प्रश्न : काका, मी मुंबईत आर्ट कॉलेजला आहे. वार्षिक प्रदर्शनाचे फोटो मला ब्लॅक अँड व्हाइट रोलवर काढायचेत, आमच्या वर्गात सगळे मोबाइलवर काढतात म्हणून. गॅलरीत उजेड कमी असतो. जमेल का? आणि मित्राची काचेच्या फ्रेममधली वॉटरकलर पण काढून द्यायचीत त्याच रोलवर.
— एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : जमेल, आणि मला तुझा बेत आवडला. वर जे रंगांचं रामायण सांगितलं ते ब्लॅक अँड व्हाइटला लागूच होत नाही, ट्यूब असो एलईडी असो, सगळा उजेड शेवटी फक्त उजेड. इलफर्डचा एचपी-फाइव्ह घे, डब्यावर ४०० लिहिलेलं असेल, तू कॅमेऱ्यात १६०० लाव आणि पूर्ण रोल १६०० वरच काढ, मधेच बदलू नको. साधारण १०० लक्सच्या गॅलरीत एफ-टू ठेवून ४०० ला जिथे १/३० मिळतो तिथे १६०० ला १/१२५ मिळेल, म्हणजे चालती माणसं पण धरता येतील. मग रोल धुताना जास्त वेळ द्यायचा, आयडी-११ या रोल धुवायच्या रसायनात २० डिग्रीला ४०० चा रोल साडेसात मिनिटं, तोच १६०० वर काढलेला असेल तर १४ मिनिटं. मुंबईच्या नळाला २० डिग्री पाणी कधी येत नाही, तेव्हा टबात बर्फ टाकून थर्मामीटर धरून बस. लॅबला देणार असशील तर डब्यावर स्केचपेनने मोठ्ठं १६०० लिही आणि तोंडाने पण सांग. काँट्रास्ट वाढेल, सावल्या काळ्या जातील, भिंतीवरच्या कामापेक्षा कामापुढे उभी असलेली माणसं जास्त उठून दिसतील, आणि तुझे फोटो तेच असावेत असं मला वाटतं. मास्तर एका चित्रापुढे थांबलेत आणि ज्याचं चित्र आहे तो खांबाआडून बघतोय, असं काहीतरी.

मित्राची वॉटरकलर मात्र त्या रोलवर नको, अजिबात नको. सारख्याच उजळपणाचा लाल आणि हिरवा ब्लॅक अँड व्हाइटमधे एकच करडा होऊन बसतो, त्याने रंगात जे केलंय ते सगळं पुसलं जाईल. ती डिजिटलवर काढ, आणि त्याला सांग की फ्रेम करायच्या आधी काढू दे. काच नसली की निम्मी कटकट गेली. दोन सारखे दिवे दोन बाजूंनी ४५ अंशात, चित्राच्या चारही कोपऱ्यांत आणि मधे मीटर सारखा आला पाहिजे. आता फ्रेम झालीच असतील तर दिवे तसेच ठेव, पण काचेत कॅमेरा आणि तूच दिसशील, त्यासाठी काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे पडद्यासारखं धरायचं. पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) घ्यायला पैसे घालू नको यासाठी, तो तिरक्या कोनातली चमक मारतो, समोरासमोरची नाही.

गॅलरीत आधी विचारून घे, ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. वॉटरकलर आणि कागदावरच्या कामावर संग्रहालयात मुद्दाम ५० लक्सच उजेड ठेवतात रंग उडू नयेत म्हणून, तेव्हा कुठे अंधार जास्त वाटला तर लाइट वाढवा म्हणून हट्ट करू नको.

प्रश्न : आमचे सासरे म्हणायचे निगेटिव्ह जपली तर पन्नास वर्षांनी पण प्रिंट निघते, कॉम्प्युटरमधलं काही खरं नाही. आमच्या हार्डडिस्कवरचे २०१२ चे सगळे फोटो गेले तेव्हापासून मलाही तेच वाटतं. प्रदर्शनाचे फोटो जपायचे तर रोल बरा ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वहिनी, सासऱ्यांचं बोलणं ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हबद्दल पूर्ण खरं आहे, त्यात चांदी असते, नीट धुतलेली असेल तर ती आपल्यापेक्षा जास्त जगते. रंगीत निगेटिव्हमधे मात्र चांदी धुऊन निघून जाते आणि मागे उरतात ते नुसते रंग, ते अंधारात ठेवले तरी हळूहळू उडतात. त्यात तुम्ही रत्नागिरीच्या. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे जिलेटिनचा थर असलेल्या निगेटिव्हला येणार नाही का? मी कोकणातल्या घरांमधे लोखंडी पेटीतल्या निगेटिव्ह बघितल्यात, एकमेकींना अशा चिकटलेल्या की सोडवताना चेहरेच निघून यावेत.

फोटो जातात ते डिजिटल म्हणून नाही, एकाच ठिकाणी ठेवलेले म्हणून जातात. तीन प्रती ठेवा, एक कॉम्प्युटरमधे, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी, मुंबई-पुण्यातल्या मुलाकडे म्हणा किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई करताना, हार्डडिस्क लावून चार फोटो उघडून बघा, आणि पाच-सहा वर्षांनी डिस्क बदला. रॉ सोबत जेपेग किंवा टिफ पण करून ठेवा. आणि निवडक वीस-पंचवीस फोटोंच्या चांगल्या कागदावर पिगमेंट शाईच्या प्रिंट काढून घ्या, मागे पेन्सिलीने कोणाची रांगोळी, कुठलं साल ते लिहा, नावाशिवाय राहिलेला फोटो दहा वर्षांत अनोळखी होतो. घरात आधीच्या निगेटिव्ह असतील तर लोखंडी पेटीतून काढा, प्लास्टिकच्या पाकिटातूनही काढा, निगेटिव्हसाठी जे खास स्लीव्ह मिळतात त्यात घालून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. त्याच वेळी स्कॅन पण करून घ्या, आहेत ते रंग टिकून आहेत तोवर.

प्रश्न : रोल पण नाही आणि मोठा कॅमेरा पण नाही, फक्त मोबाइल आहे. रांगोळी प्रदर्शनात काढलेली पोर्ट्रेट घरी येऊन बघितली तर चेहरे गुळगुळीत, पावडर लावल्यासारखे. असं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारण तुमच्या मोबाइलला ती रांगोळी आहे हे कळलंच नाही. त्याला चेहरा दिसला, त्याने ब्यूटी मोड चालू करून चेहऱ्यावरचे दाणे पिंपल समजून पुसून टाकले. एवढ्या मेहनतीने टाकलेला एकेक कण फोनने क्षणात घासून काढला, वाईट वाटतं बघून. सेटिंगमधे जाऊन ब्यूटी आणि पोर्ट्रेट दोन्ही बंद करा. सर्वात वाइड लेन्स वापरू नका, एक किंवा दोन एक्सवर ठेवा आणि जरा मागे सरका. स्क्रीनवर रांगोळीच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस-उजेड तिथे लॉक होईल, मग थोडं गडद करा. दोरीच्या खांबाला किंवा शेजारच्या खुर्चीच्या पाठीला फोन टेकवून काढा. रॉ किंवा प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स हाताने लावा, कमी उजेडात ऑटोवर तो दर फोटोला बदलतो आणि एकाच रांगोळीचे चार फोटो चार रंगांचे येतात. आणि काढायच्या आधी मागची लेन्स रुमालाने पुसा, दिवाळीच्या दिवसांत फराळाचं तुपकट बोट तिच्यावर हमखास लागलेलं असतं.